विंडो केवढी असावी, हे ठरवते कोण?

आमच्या तालुक्यातील एका जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या पावत्या करण्यासाठी मी पायथन भाषेत, टीकिंटर वापरून, एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. टीके (Tk) हा विंडो आणि बटणे बनवण्याचा साधनसंच आहे, आणि तो पायथनमधून वापरण्याची सोय म्हणजे टीकिंटर. शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडी क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन एवढे रकाने वर, त्याखाली दिवसभराच्या पावत्यांचा तक्ता आणि सर्वांत खाली ‘जतन करा’ हे बटण, अशी त्याची मांडणी होती. घरच्या मोठ्या मॉनिटरवर ती नेटकी दिसत होती. दिवाळीनंतर कापूस निघू लागला, प्रोग्राम काट्यावरच्या लॅपटॉपवर चढवला आणि पहिल्याच सकाळी दिवाणजींचा फोन आला: ‘भाऊ, पावती सेव्ह कराचं बटनच दिसून नाही राहिलं जी.’ फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि बंड्या उभ्या होत्या. त्या दिवशीच्या सगळ्या पावत्या हाताने लिहाव्या लागल्या.

कारण शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. तो लॅपटॉप १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा होता आणि बटणाची जागा मी वरून ७९० पिक्सेलवर, आकडा टाकून, पक्की करून ठेवली होती. बटण तयार झाले होते, त्यामागचे कामही नीट लिहिलेले होते. फक्त ते पडद्याच्या खालच्या कडेपासून २२ पिक्सेल आणखी खाली होते, आणि तिथे कोणाचाही माउस पोचत नाही. बटणासारख्या वस्तूंचा आकार आणि जागा प्रोग्राम लिहिणाऱ्याने आकड्यात सांगायची असते, अशी तेव्हा माझी समजूत होती. ग्राफिकल प्रोग्राम लिहायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ती असते, आणि पुढचा बराचसा त्रास तिच्यातूनच उगवतो. प्रत्यक्षात आकार हा मागणी आणि वाटप यांच्या व्यवहारातून ठरतो, आणि तो व्यवहार एकदा समजला की विंडो जशी वागते तशी का वागते, याचे कोडे राहत नाही.

विंडोमध्ये जे जे दिसते, म्हणजे बटण, लेबल, लिहिण्याचा रकाना, तक्ता, त्या प्रत्येकाला विजेट म्हणतात. विजेटे एकमेकांच्या पोटात असतात: बटण एखाद्या फ्रेममध्ये, ती फ्रेम दुसऱ्या मोठ्या फ्रेममध्ये आणि सर्वांत बाहेर विंडो. आकार ठरण्याच्या पहिल्या फेरीत मागणी खालून वर जाते. लेबल आपला मजकूर निवडलेल्या फॉन्टमध्ये किती लांब आणि किती उंच होईल ते मोजते, त्यात कडेची मोकळी जागा मिळवते आणि तेवढी जागा आपल्या फ्रेमकडे मागते. लिहिण्याच्या रकान्यात पुढे काय लिहिले जाईल हे त्याला आधी ठाऊक नसते, म्हणून तो अक्षरांच्या संख्येवर मागणी करतो. टीकेमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर ती २० अक्षरांची असते, आणि अनेक ओळींचा मजकूर धरणारे विजेट ८० अक्षरे रुंद व २४ ओळी उंच एवढी जागा मागते. फ्रेम पोटातल्या सर्वांच्या मागण्या मांडणीप्रमाणे एकत्र करते: विजेटे शेजारीशेजारी असतील तर रुंदींची बेरीज होते आणि उंचींपैकी सर्वांत मोठी धरली जाते, एकाखाली एक असतील तर याच्या उलट. ही एकत्र मागणी ती आणखी वर पाठवते, आणि असे करत करत गोष्ट विंडोपर्यंत जाते. दुसऱ्या फेरीत वाटप वरून खाली येते. विंडोला खरोखर किती जागा मिळाली ते कळते, ती आपल्या मुलांना, म्हणजे पोटातल्या विजेटांना, हिस्से देते, ती मुले आपल्या मुलांना देतात.

म्हणून प्रत्येक विजेटाला दोन आकार असतात, एक मागितलेला आणि एक मिळालेला, आणि हे दोन्ही समान असतीलच असे नाही. फ्रेमला ४०० बाय ३०० असा आकार देऊन तिच्यात एक लेबल टाकले की फ्रेम आकसून लेबलाएवढी होते, हा नवशिक्यांना हमखास पडणारा पेच याच पहिल्या फेरीमुळे उद्भवतो; पोटात मूल आल्याबरोबर फ्रेम स्वतःची मागणी सोडते आणि मुलांची मागणी पुढे करते. हे बंद करण्याची सोय टीकेमध्ये आहे, तिला प्रोपगेट असे नाव आहे, पण माझ्या मते तिचा आधार अगदी क्वचित घ्यावा, कारण ती बंद केली की मजकूर वाढला तरी फ्रेम वाढत नाही आणि अक्षरे कापली जातात.

यातच आणखी एक कोडे सुटते. विजेट तयार केल्यावर लगेच त्याची रुंदी विचारली तर टीकिंटर ‘१’ असे उत्तर देते. वाटपाची फेरी तोवर झालेली नसते. प्रोग्राम हातातले काम संपवून मोकळा झाला की मगच ती होते. मागितलेली रुंदी मात्र आधीही विचारता येते, आणि ‘अपडेट आयडलटास्क्स’ ही आज्ञा देऊन राहिलेली मोजणी त्याच क्षणी करवूनही घेता येते.

आता वाटप नेमके कसे होते ते पाहू. आमच्याकडे शेत बटईने दिले तर बऱ्याच ठिकाणी बियाणे, खत आणि फवारणी यांचा खर्च पिकातून आधी वजा होतो आणि उरलेल्या मालाचीच वाटणी ठरलेल्या हिश्शाने होते. टीकेच्या ग्रिड या मांडणीत स्तंभाला जो ‘वेट’ नावाचा आकडा देतात, त्याचा अर्थ नेमका हाच आहे. समजा, पहिला स्तंभ २०० पिक्सेल मागतो आणि दुसरा १००, पहिल्याचे वेट १ आहे आणि दुसऱ्याचे २, आणि विंडोची रुंदी ६०० आहे. पुष्कळ जणांची अपेक्षा असते की एकास दोन या प्रमाणात २०० आणि ४०० असे हिस्से पडतील. पण आधी ज्याची त्याची मागणी भागवली जाते, त्यात ३०० पिक्सेल जातात, आणि उरलेले ३०० एकास दोन वाटले जातात. पहिल्याला १०० वाढीव मिळतात, दुसऱ्याला २००, आणि दोन्ही स्तंभ ३००चे, अगदी सारखे होतात. जागा कमी पडली तर तूटही वेटच्याच प्रमाणात सोसावी लागते. संपूर्ण रुंदीच प्रमाणात हवी असेल तर त्यासाठी ‘युनिफॉर्म’ नावाची वेगळी सोय आहे.

वेट शून्य असलेला स्तंभ वाढतही नाही आणि आकसतही नाही, आणि काहीच सांगितले नाही तर प्रत्येक स्तंभाचे वेट शून्यच असते. म्हणून नवशिक्याची विंडो ओढून मोठी केली की आतले सारे सामान वरच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन बसते आणि बाकी विंडो कोरी राहते. इथे एक गोष्ट विशेष जपावी लागते. वेट केवळ आतल्या फ्रेममध्ये देऊन भागत नाही. बाहेरच्या प्रत्येक पातळीवर ते द्यावे लागते आणि प्रत्येक फ्रेमला चारही बाजूंनी ‘स्टिकी’, म्हणजे मिळालेल्या जागेच्या कडांना चिकटलेली, करावे लागते. पाटाचे पाणी मधल्याच एखाद्या वाफ्याशी अडले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही, तसेच हे आहे.

टीकेची दुसरी मांडणी म्हणजे पॅक. माझे बटण तिनेच परत आणले, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगतो. पॅकला एक मोकळा चौकोन मिळतो, अख्ख्या शेतासारखा. पहिले विजेट सांगते की मला वरची बाजू हवी. पॅक त्या बाजूच्या धुऱ्यालगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याला हवा तेवढा एक पट्टा कापून देते. उरलेले शेत पुढच्या विजेटासाठी असते. ते म्हणते मला डावी बाजू, मग उरलेल्या तुकड्याच्या डाव्या धुऱ्यालगत दुसरा पट्टा कापला जातो. असे एकेक पट्टा कापत जाताना शेत लहान होत जाते, आणि शेत संपले तर पुढच्या विजेटांना काहीही मिळत नाही. ती पडद्यावरून काढून टाकली जातात आणि विंडो पुन्हा मोठी होईपर्यंत दिसत नाहीत. म्हणजे पॅकमध्ये क्रम हाच हक्क आहे. ज्याला आधी पॅक केले त्याची जागा शाबूत राहते, अडचण येते ती शेवटी आलेल्यावर.

माझ्या पावतीच्या प्रोग्राममध्ये वर रकाने, मध्ये तक्ता आणि खाली बटणे, असा दिसण्याचा क्रम होता, आणि कोणीही माणूस त्याच क्रमाने लिहीत जाईल. पण त्या क्रमाने पॅक केले असते तर लहान पडद्यावर तक्त्याने सगळी जागा खाल्ली असती आणि बटणाची पट्टी पुन्हा गायब झाली असती. म्हणून मी आधी रकान्यांची फ्रेम वरच्या बाजूला पॅक केली, लगेच दुसऱ्या क्रमांकावर बटणांची पट्टी खालच्या बाजूला पॅक केली, आणि तक्ता सर्वांत शेवटी, उरलेल्या सगळ्या जागेत. तक्त्यात दहाऐवजी सहा ओळी दिसल्या तर काही बिघडत नाही, वरखाली सरकवता येतात. बटण मात्र दिसलेच पाहिजे. कोणी कमी जागेत भागवायचे, हा निर्णय खरे तर काट्यावर बसणाऱ्या माणसाच्या गरजेवरून घ्यायचा असतो, आणि पॅकच्या क्रमातून तो प्रोग्रामला सांगायचा असतो.

पॅकमधील ‘एक्स्पांड’ आणि ‘फिल’ या दोन शब्दांची गल्लत फार होते. एक्स्पांड म्हणजे उरलेल्या जागेतून तुमचा पट्टा वाढवून देणे. फिल म्हणजे मिळालेल्या पट्ट्यात विजेटाने पसरणे. जमीन मिळणे ही एक गोष्ट आहे आणि ती पेरणे ही दुसरी. नुसते एक्स्पांड दिले तर विजेट मोठ्या जागेच्या मधोमध लहानच राहते, नुसते फिल दिले तर विजेट पट्ट्याच्या लांबीभर पसरते पण पट्टा जाड होत नाही, आणि तक्त्यासारख्या विजेटाला दोन्ही लागतात. बटण ठरावीक ठिकाणी ठेवणारी प्लेस ही तिसरी मांडणी मी त्या सकाळनंतर असल्या फॉर्मसाठी वापरली नाही. आणि एकाच फ्रेममध्ये पॅक व ग्रिड एकत्र वापरू नयेत. दोघेही त्या फ्रेमच्या आकारावर आपापला दावा सांगत राहतात, त्यामुळे पूर्वी प्रोग्राम गोठून जात असे, आणि टीकेच्या ८.६ या आवृत्तीपासून तिथेच त्रुटीचा संदेश येतो.

जॉन ओस्टरहाउट यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात टीकेचे काम सुरू केले, पण मागणी आणि वाटप हा व्यवहार एकट्या टीकेचा नाही. क्यूटी या अशाच दुसऱ्या साधनसंचात प्रत्येक विजेट आपल्याला योग्य वाटणारा आकार ‘साइझहिंट’ म्हणून सांगते आणि सोबत आपले धोरणही सांगते: लिहिण्याचा रकाना रुंदीने पसरायला तयार असतो पण उंचीने मुळीच नाही, साधे बटण सांगितल्यापेक्षा लहान व्हायला तयार नसते. जीटीके या आणखी एका संचात, तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, प्रत्येक विजेट किमान आणि स्वाभाविक अशा दोन मागण्या नोंदवते. किमान जागा आधी सर्वांना मिळते, मग प्रत्येकाला त्याच्या स्वाभाविक मापाकडे नेण्याचा प्रयत्न होतो. अँड्रॉइडवर फेरीचे आरंभस्थान वर आहे: आई, म्हणजे बाहेरचे विजेट, मुलाला आधी मर्यादा सांगते, नेमके एवढेच व्हा, जास्तीत जास्त एवढे व्हा, किंवा हवे तेवढे व्हा, आणि मूल त्या मर्यादेत आपले माप कळवते. फ्लटर या संचातही मर्यादा खाली जाते, माप वर येते आणि कोणाला कोठे बसवायचे हे आई ठरवते.

लांब मजकुराच्या बाबतीत हा व्यवहार किचकट होतो, कारण परिच्छेदाची उंची त्याला मिळालेल्या रुंदीवर अवलंबून असते. रुंदी कमी केली की ओळी वाढतात. म्हणून जीटीके आधी रुंदी ठरवून मग ‘या रुंदीला उंची किती’ असा प्रश्न विजेटाला विचारू शकते. टीके तसे विचारत नाही. तिथे लेबलातली ओळ कोठे मोडायची ते माप आपणच द्यायचे आणि विंडोचा आकार बदलला की आपणच ते बदलायचे.

मराठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला मागणीच्या फेरीत आणखी काही अडचणी येतात, आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या उदाहरणांत त्या कधी दिसत नाहीत. टीकेमध्ये रकान्याची रुंदी ‘१२ अक्षरे’ अशी दिली तर त्याचा अर्थ त्या फॉन्टमधील इंग्रजी शून्याच्या रुंदीच्या बारापट एवढाच होतो. देवनागरीत हा हिशेब जमत नाही. ‘पांढरकवडा’ हे गावाचे नाव डोळ्यांना सहा अक्षरांचे दिसते, पण संगणकाच्या मोजणीत काना आणि अनुस्वार वेगळे धरून ते नऊ भरते. ‘क्षेत्र’ हा दोन अक्षरांचा शब्द तर सात भरतो. मोजलेल्या संख्येचा आणि पडद्यावरील रुंदीचा संबंध उरत नाही, म्हणून अक्षरे मोजत बसण्यापेक्षा फॉन्टलाच ‘मेझर’ करायला सांगून पिक्सेलमधील खरी रुंदी विचारावी, आणि तालुक्यातील सर्वांत लांब गावाच्या नावावरून रकान्याची मागणी ठरवावी.

उंचीची गोष्ट तर माझ्या तक्त्यातच घडली. टीके ८.६ मधील ट्रीव्ह्यू या तक्त्याच्या ओळीची उंची मुळात २० पिक्सेल असते आणि फॉन्ट मोठा केला तरी ती आपोआप वाढत नाही. इंग्रजी मजकूर एवढ्या उंचीत सहज बसतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार यांची जागा लागते आणि खाली उकार, ऊकार आणि ऋकाराची. सोळाच्या फॉन्टमध्ये ‘मुरूमकर’ या आडनावातल्या ‘मु’चा उकार कापला गेला आणि दोन वेगळी आडनावे तक्त्यात एकसारखी दिसू लागली. पावतीवर आडनाव चुकले तर शेतकऱ्याला पैसे उचलताना त्रास होतो, म्हणून ही बाब मला लहान वाटत नाही. त्या फॉन्टची ओळ किती उंच आहे ते विचारून, त्यात चार-सहा पिक्सेल मिळवून, ट्रीव्ह्यूच्या शैलीत ओळीची उंची ठरवली की प्रश्न मिटतो.

पिक्सेलवर भिस्त ठेवण्यातला धोका पडद्याच्या घनतेमुळे वाढतो. विंडोजमध्ये १०० टक्के मापाला एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरतात. डोळ्यांना सोपे जावे म्हणून कोणी १२५ टक्के केले तर तोच इंच १२० पिक्सेलचा होतो. टीकेमध्ये फॉन्टचा आकार साध्या आकड्यात दिला तर तो पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या ७२व्या भागात, मोजला जातो, आणि उणे चिन्ह लावून दिला तरच पिक्सेलमध्ये. घनतेची दखल घेणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यामुळे अक्षरे मोठी होतात, पण पिक्सेलमध्ये बांधलेले खोके होते तेवढेच राहते, आणि मजकूर खोक्याबाहेर जातो. अँड्रॉइडने यासाठी डीपी हे एकक घेतले आहे: इंचाला १६० पिक्सेल असलेल्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ३२० असतील तर २ पिक्सेल.

एवढे सगळे झाल्यावरही शेवटचा शब्द प्रोग्रामचा नसतो. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिम या, पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या, व्यवस्थेपासून ही रीत आहे की विंडो आपला हवा तो आकार, किमान आणि कमाल मर्यादा एवढे विंडो मॅनेजरला, म्हणजे पडद्यावर विंडो मांडणाऱ्या प्रोग्रामला, कळवते, आणि विंडो मॅनेजर ते मान्य करतो किंवा करत नाही. पडद्याचे सरळ तुकडे पाडून विंडो बसवणारे विंडो मॅनेजर मागणीकडे बहुधा पाहतही नाहीत. वेलँड या एक्सनंतरच्या व्यवस्थेत तर साध्या विंडोला पडद्यावर आपण नेमके कोठे उभे राहायचे हेही सांगता येत नाही. आणि सर्वांच्या वर माउस हाती असलेला माणूस असतो. त्याने एकदा विंडो कोपऱ्यातून ओढून तिचा आकार ठरवला, किंवा प्रोग्रामने ‘जिऑमेट्री’ आज्ञेने तो आकड्यात सांगितला, की टीके विंडोच्या बाबतीत खालून येणाऱ्या मागण्यांकडे लक्ष देणे थांबवते. नंतर लेबलातील मजकूर कितीही वाढला तरी विंडो वाढत नाही. ती पुन्हा मागणीप्रमाणे व्हावी असे वाटले तर त्याच आज्ञेला रिकामे अवतरण द्यायचे.

माणसाने विंडो हवी तेवढी लहान करावी, पण काम अडेल इतकी लहान करू नये, यासाठी ‘मिनसाइझ’ आहे, आणि त्यातही मी आता स्वतः आकडा लिहीत नाही. सर्व विजेटे मांडून झाली की राहिलेली मोजणी करवून घेतो, वरच्या रकान्यांची आणि खालच्या बटणपट्टीची मागितलेली उंची विचारतो, तक्त्याच्या मथळ्याची आणि तीन ओळींची उंची त्यात मिळवतो, आणि ती बेरीज किमान उंची म्हणून विंडोला देतो. रुंदीसाठी रकान्यांच्या फ्रेमची मागितलेली रुंदी पुरते. फॉन्ट बदलला, पडद्याची घनता बदलली, तरी हे मोजमाप त्या त्या यंत्रावर नव्याने होते. काट्यावरचे दिवाणजी आता पडद्याच्या डाव्या बाजूला पावतीची विंडो आणि उजव्या बाजूला भावाचा तक्ता उघडून बसतात. पावत्यांच्या चार ओळी दिसतात, आणि ‘जतन करा’ हे बटण त्यांच्याखाली असते.